शिंत्रे डॉक्टरांचे राक्षस

रोग्याच्या तोंडात हत्यार घातल्यावर त्याला प्रश्न विचारायचा, ही शिंत्रे डॉक्टरांची पद्धत. आमची ओळख अशीच झाली. शाळेत नोकरी लागून मी कोल्हापुरात आलो, राजारामपुरीत त्यांच्याच घरातली वरची खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. खाली त्यांचा दवाखाना. डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, जबडा ताणला, आत आरसा घातला आणि गंभीरपणे विचारलं,

"मास्तर, राक्षसाला अक्कलदाढ असावी का?"

मी "आँ" म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी दाढ उपटली.

हा राक्षस कोण, ते मला रविवारी कळलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबल-टेनिसचं एक जुनं टेबल होतं. त्यावर लाकडाच्या भुशाचे डोंगर, निळा रंग दिलेली नदी आणि समोरासमोर उभ्या दोन फौजा. एक यक्षांची, एक राक्षसांची. प्रत्येक सैनिक बोटाच्या पेराएवढा. कासवावर बसलेले भालाईत होते, गिधाडाच्या डोक्याचे तिरंदाज होते, पंखांचे हत्ती होते. कवळ्या करायला जो गुलाबी मसाला लागतो, त्यातून डॉक्टरांनी हे सगळे घडवले होते. त्यामुळे रंग देईपर्यंत दोन्ही फौजा हिरड्यांसारख्या दिसत.

"हे कुठल्या पुराणात आहे?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही. असतं तर मी कशाला केलं असतं?"

केलेला सैनिक पुरा झाला, असं मात्र त्यांना कधीच वाटायचं नाही. कुणाचा भाला तासायचा, कुणाचं नाक बदलायचं, हे चालूच. पंखांच्या हत्तीला तर मी राहायला आल्यापासून चार वेळा नवे पंख फुटले.

"या पंखांवर एवढं धूड उडणार नाही, मास्तर. शास्त्रात बसत नाही."

"आणि हत्ती उडतो, हे बसतं?"

"ते गृहीत आहे."

वहिनींची, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीची, या सगळ्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त देव्हाऱ्यातला पितळेचा मारुती अधूनमधून दिसेनासा व्हायचा. "यक्षांकडे माणसं कमी पडली असतील," असं म्हणून त्या शांतपणे मागच्या खोलीत जायच्या आणि मारुतीला पूजेपुरतं सोडवून आणायच्या.

राक्षसांचं सैन्य मल्लाप्पा अण्णांचं. अण्णा शाहूपुरीतले गुळाचे अडत्ये. मूळ सीमेकडचे, घरात कानडी, बाजारात मराठी आणि दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा. एकदा दात दाखवायला आले, त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं आणि तेव्हापासून दर रविवारी यायला लागले. डॉक्टरांनी त्यांना फौज निवडायला सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मला राक्षसच द्या. देवाच्या बाजूनं सगळं गाव हाय की."

फासे टाकायचे, पडेल तेवढे इंच फौज पुढं सरकवायची आणि समोरच्याचा किल्ला घ्यायचा किंवा सरदार मारायचा, असा खेळ. इंच मोजायला लाकडी फूटपट्टी. ती माझ्या हातात आली, कारण मी मास्तर आणि दोघांच्याही मते निरुपद्रवी. पण माझ्या मापानं कुणाचंच समाधान व्हायचं नाही.

"कासव तितं पोचत न्हाय!" अण्णा ओरडायचे. "डाक्टर, डोळं हायत का कवड्या?"

"पट्टी बघा."

"पट्टी तुमची, मास्तर तुमचं भाडेकरू! न्याव कुठनं मिळायचा?"

राग फारच चढला की अण्णा कानडीत शिरायचे. डॉक्टरांना कानडी येत नसल्यामुळे तो मुद्दा तिथंच निकालात निघायचा.

एकदा अण्णांनी डोंगर म्हणून गुळाची अख्खी ढेप आणली. अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागली. डॉक्टरांनी लढाई थांबवली नाही. त्यांनी मुंग्यांना तटस्थ फौज म्हणून मान्यता दिली आणि त्यांच्या वाटेत उभ्या असलेल्या तिरंदाजांना माघार घ्यायला लावली.

दुसऱ्या एका रविवारी ऐन लढाईत एक पैलवान गाल धरून आला. कुस्तीत कुणाला न भिणारा तो गडी दात काढायची पकड बघूनच पांढरा पडला. डॉक्टरांनी त्याला धीर म्हणून यक्षांचा सेनापती हातात दिला. दात निघाला, पण मुठीत सेनापतीचा भुगा झाला. डॉक्टरांनी तो भुगा कागदावर गोळा केला. मग म्हणाले, "रणात पडला असं धरू." तो शत्रूचा सेनापती असूनही अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली.

आणि एका पावसाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं, पण गुळाच्या पेढीत आवाज घुमवणारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत नुसता बसून राहिला. डॉक्टर भेटून आले. मागच्या खोलीला कडी लागली. खेळ संपला, असं मी धरून चाललो.

मग दुपारी रोगी नसले की मागून कानशीचा आवाज यायला लागला. वहिनी एकदा म्हणाल्या, "स्वतःच्या फौजेला हात लावत नाहीत हो. सगळं राक्षसांचंच चाललंय."

मी डोकावलो. डॉक्टर एकेका राक्षसाला त्याच्या पायाखालच्या नाजूक चकतीवरून सोडवत होते आणि बाटलीच्या बुचाएवढ्या जाड ठोकळ्यावर बसवत होते.

"हे कशाला?"

"जुने बुटके दिसायचे," ते मान वर न करता म्हणाले. ठोकळ्याला मध्ये खाच पाडलेली होती. ते दर वेळी स्वतःचा उजवा हात पाठीमागे घ्यायचे आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी ठोकळा उचलून बघायचे. निसटला की पुन्हा कानस.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी टेबल हातगाडीवर बांधून आम्ही शाहूपुरीत गेलो. खिडकीपाशी मुलूख मांडला. अण्णा बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी हात हलवला नाही. पुढच्याही रविवारी नाही. डॉक्टर आपली चाल खेळायचे, मग स्वस्थ बसून वाट बघायचे. अण्णांची चाल स्वतः खेळून टाकावी, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

त्यानंतरच्या खेपेला अण्णांचा डावा हात मांडीवरून उठला. टेबलापर्यंत गेला आणि खाचेत बोटं घालून त्यानं एक राक्षस उचलला. डॉक्टर नदीकडे बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते.

तिथून अण्णा खेळायला लागले. पण डॉक्टरांचे यक्ष अचानक मूर्खासारखे वागू लागले. हत्ती चिखलात शिरले, तिरंदाज पाठ करून उभे राहिले. शेवटी अण्णांनी आपला सरदार यक्षांच्या किल्ल्याकडे सरकवला. तो चांगला दोन बोटं कमी पडत होता. डॉक्टरांनी माझ्या हातून पट्टी घेतली, कशीबशी टेकवली आणि म्हणाले,

"पोचला. किल्ला पडला."

पंच म्हणून मी छताकडे बघितलं.

अण्णांनी पट्टीकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे होऊन हलायला लागले. डाव्या हातानं त्यांनी सरदार उचलला आणि दोन बोटं मागं नेऊन ठणकन ठेवला.

"न्हा... न्हाय," अण्णा म्हणाले. "न्हाय पोचला."

आतून त्यांची सून पिठाच्या हातानं धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. झटक्यानंतर अण्णांच्या तोंडून फुटलेला हा पहिला शब्द होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बरं," ते म्हणाले. "मग पाळी माझी."

आणि त्यांनी जराही दयामाया न दाखवता त्या सरदाराला घेरून मारलं. अण्णा हरले. अर्ध्या चेहऱ्यानं हसले.

आम्ही आवरायला उठलो, तर अण्णांनी डॉक्टरांचं मनगट धरलं. सोडेनात. सूनबाई म्हणाली, "मामंजी, डाक्टरांना घरी जाऊ द्या की आता."

डॉक्टर परत खाली बसले. दाराशी हातगाडीवाला बिडी पेटवत होता, त्याला त्यांनी खिडकीतून जायची खूण केली. मग फौजा पुन्हा मांडायला घेतल्या. आधी राक्षसांची.