सैनिकाच्या डोळ्यांनी

एका शनिवारी सकाळी डेस्मंड थर्केटलने इंग्लंडातल्या लाँग ईटन गावी चर्च हॉलच्या दारावर कागद चिकटवला: ‘टेबलावरची लढाई. नवशिक्यांचं स्वागत. दहा मिनिटांत शिका.’ माणूस सज्जन होता, पण बोटभर उंचीच्या शिशाच्या सैनिकांच्या या खेळाचं नियमपुस्तक एकशे चौसष्ट पानांचं होतं. त्यातलं सतरावं पान नेमकं काय सांगतं, यावरून क्लबातले दोघे गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. (सभासदच एकूण चार. म्हणजे निम्मा क्लब मुका.)

हॉलच्या समितीने निर्वाणीचा इशारा दिला होता. आजच्या आज आठ सभासद दाखवा, नाहीतर शनिवारची वेळ झुंबा नाचणाऱ्यांना. आणि हॉल गेला, की टेकड्या, नद्या, पूल यांच्यासकट लढाईचं ते भलंमोठं टेबल डेस्मंडच्या जेवणाच्या खोलीत येणार.

“ते टेबल घरात आलं, तर मी स्केगनेसला आईकडे जाईन,” त्याची बायको बेरिल म्हणाली होती.

“आठवडाभर?”

“आई आहे तोवर. आणि आई ठणठणीत आहे.”

बोलून मोकळी होणाऱ्यांतली बेरिल नव्हे. चारही नवशिके तिनेच गोळा करून आणले: नेव्हिल खाटीक, शेजारचं एक तरुण जोडपं (त्या बिचाऱ्यांना वाटलं, चहाला बोलावलंय) आणि मिस टॉम्लिन. मिस टॉम्लिननी प्राप्तिकर खात्यात तीस वर्षं लोकांचा घाम काढला होता. त्या वही घेऊनच आल्या. त्यांना डेस्मंडच्या हवाली करून बेरिल चहाचं बघायला आत गेली.

“नियम फक्त चार,” डेस्मंडने सुरुवात केली.

पहिल्याच नियमाला सहा अपवाद निघाले. तिसऱ्या अपवादाला तरुण नवऱ्याने जांभई दिली. पाचव्याला नेव्हिल कोटाची बटणं लावायला लागला.

“माझ्या घोडेस्वारांना ती टेकडीमागची तोफ दिसते का?” मिस टॉम्लिननी विचारलं.

“वा! हे कसं ठरवायचं, ते दाखवतोच. सैनिकाच्या डोळ्यांनी बघायचं!” असं म्हणून डेस्मंड मोठ्या रुबाबात कमरेत वाकला, गाल टेबलाला टेकवला आणि एक डोळा मिटला. त्याच क्षणी कमरेत ‘कट्’ झालं.

आता खरं सांगावं की नाही? पहिल्याच चालीत सेनापती आडवा झालेला पाहून कुठला शहाणा वर्गणी भरेल? डेस्मंडने दात आवळले आणि तसाच राहिला.

“असं... बघायचं,” तो टेबलाला उद्देशून म्हणाला.

चौघे निमूटपणे वाकले. चार गाल टेबलाला टेकले, चार डोळे मिटले.

“किती वेळ?” नेव्हिलने विचारलं.

“दिसेपर्यंत.”

मिस टॉम्लिननी वाकल्या वाकल्या ते टिपून घेतलं. तेवढ्यात डेस्मंडने हळूच सरळ व्हायचा प्रयत्न केला.

“आई आई गं! मेलो!”

“हे चाल करणाऱ्याने ओरडायचं, की बचाव करणाऱ्याने?” मिस टॉम्लिननी गंभीरपणे विचारलं.

“दो... दोघांनी.”

आणि हॉलमध्ये चार जण खच्चून विव्हळले. तरुण जोडप्याला तर इतका हुरूप आला, की ती दोघं दोनदा विव्हळली.

सॉसेज रोलचं ताट घेऊन आलेली बेरिल दारातच थबकली. पाच जण टेबलावर ओणवे, आणि नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. चाळीस वर्षांच्या संसारात ती कंबर तिला चांगली ठाऊक होती. तिने ताट ठेवलं, मागून त्याचा पट्टा धरला, पाठीत गुडघा रोवला आणि त्याला एका हिसक्यात उभा केला.

“हा कितवा नियम?” मिस टॉम्लिननी विचारलं.

“शेवटचा,” बेरिल म्हणाली. “बायकोने उचलला, की डाव संपला.”

“अहो, हे फारच सोपं आहे!” नेव्हिल म्हणाला. “मला उगाच वाटलं, डोकं लागतं.”

चौघांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. सभासद आठ झाले आणि हॉल वाचला. डेस्मंडला खुर्चीसकट उचलून घरी नेलं, तरी तो गालात हसत होता.

तीन आठवडे शेक घेऊन तो परत गेला, तेव्हा सभासद एकवीस होते. सगळे धडाधड वाकत होते, विव्हळत होते, एकमेकांना उचलत होते. डेस्मंडने उभ्या उभ्या फासा टाकला.

“रद्द!” मिस टॉम्लिन कडाडल्या. “मिस्टर थर्केटल, तुम्ही वाकला नाहीत. विव्हळलाही नाहीत.”

“अहो, पण हे पुस्तकात कुठेही नाही!”

“पुस्तक आम्ही नेव्हिलच्या दुकानात नेलंय. कागद चांगला आहे, खिमा बांधायला.”

संध्याकाळी डेस्मंडच्या घराशी टेम्पो थांबला. दोन माणसांनी टेकड्या, नद्या, पूल यांच्यासकट टेबल आणून जेवणाच्या खोलीत ठेवलं. हॉलमध्ये आता नव्या पद्धतीची सहा टेबलं लागायची होती, जुन्याला जागा उरली नव्हती. डेस्मंडने भीत भीत बायकोकडे पाहिलं.

“मग... तू आता स्केगनेसला?”

“छे! पुढच्या शनिवारपासून मला हॉलवर जायचंय. पंच मीच आहे,” बेरिल म्हणाली. “तू आपला घरी सराव कर. फक्त वाकू नकोस, उचलायला मी नसेन.”