सरांच्या बसमधलं वॉशिंग मशीन

गायकवाड सर कुणाच्याही घरी गेले, की पाण्याच्या आधी मागचं दार विचारतात. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्यात डोकावण्याआधी ते स्वयंपाकघरातून थेट मागच्या वाडीत जाऊन परत आले. "आहे, वाट आहे," म्हणाले, आणि मग निवांतपणे पेढा खाल्ला.

सर आमच्या चौलच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त झालेत, माझे शेजारी आहेत आणि घाबरणं हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग आहे. वाडीतून, नारळांखालून ते हेल्मेट घालून फिरतात. समुद्रावर गेले तर समुद्राकडे पाठ करत नाहीत. "पाण्याचा काही भरवसा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यात पाण्याच्या जागी वारा, गॅस, कुत्रा, मेहुणा, काहीही बसतं.

आम्ही हसायचो. मग ते मोठं वादळ आलं. सरांच्या घराचे पत्रे उडाले आणि सर नि त्यांच्या पत्नी मंदाकाकू दिवसभर पलंगाखाली बसून राहिले. घर पुन्हा उभं राहिलं, पण सरांनी एक जुनी मिनीबस घेतली. आतल्या सीटा काढून झोपायला बाकडी, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. "घराला पळता येत नाही. हे पळतं," म्हणाले. माझा नारळाचा टेम्पो असल्यामुळे ड्रायव्हर म्हणून माझी नेमणूक परस्पर होऊन गेली.

घोळ एकच होता. बसच्या मागच्या दाराला, म्हणजे संकटात बाहेर पडायच्या दाराला टेकून, काकूंचं जुनं वॉशिंग मशीन उभं होतं. एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळायचं, अशातलं. सुरू झालं की अंगात आल्यासारखं घुमायचं.

"सर, तुम्ही आणि मागचं दार बंद?"

सर ओशाळले. "काढायचंय रे. विचार चालू आहे."

विचार वर्षभर चालू होता. कधी म्हणत, वजन फार आहे, ब्रेक लागायचे नाहीत. कधी म्हणत, वजन आहे तेच बरं, बस वाऱ्यानं उलटायची नाही. मी सकाळी मशीन उतरवून द्यावं आणि संध्याकाळी सरांनी ते परत चढवून घ्यावं. काकू नुसता त्याच्यावरून फडका फिरवत.

मग एका दुपारी सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. वादळाचा इशारा. सर धापा टाकत आले. "विलास, निघायचं. रोह्याला, मेहुण्याकडे." माझी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. मी दार ओढून घेतलं नि सर-काकूंना बसमध्ये घेऊन निघालो.

घाट चढेपर्यंत आभाळ काळं झालं होतं. वारा बसला बाजूनं धडका देत होता. उताराला लागलो आणि मागे काहीतरी तटकन तुटलं. मशीन बांधलेला दोर! आरशात बघितलं तर ते धूड माझ्याच दिशेनं सरकत येत होतं.

"ब्रेक मारू नकोस!" सर ओरडले. "हळूहळू घे!" ते खाली बसले होते. पाठ माझ्या सीटला आणि दोन्ही पाय मशीनला लावून त्यांनी ते थोपवून धरलं होतं. चेहऱ्यावर घाम, डोळे गच्च मिटलेले. नारळाला घाबरणारा माणूस.

घाट उतरल्यावर पहिल्याच गावात पिठाची गिरणी दिसली. तिच्या भिंतीच्या आडोशाला बस लावली.

"सर, आता बास. हे इथंच टाकायचं. आपण मेलो असतो."

"टाकू," सर म्हणाले.

आम्ही मशीन दारापर्यंत ओढत आणलं आणि तेवढ्यात वारा किंचाळला. गिरणीचे पत्रे थडाथडा वाजायला लागले. मी मागे वळून बघितलं. काकू बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. हात कानांवर, ओठ पांढरे. श्वास अडकत होता.

"विलास, आत घे. मशीन आत घे परत," सर घाईनं म्हणाले.

सरांनी वायरचं भेंडोळं काढलं आणि पावसात गिरणीकडे पळाले. गिरणीवाला म्हणाला, "लावा वायर, पन लाईट कदी जाईल त्याचा नेम न्हाय." सरांनी रिकामंच मशीन सुरू केलं. घर्रर्र. सगळी बस थरथरू लागली. बाहेरचा वारा त्या आवाजात बुडून गेला. काकूंनी हळूहळू कानांवरचे हात काढले.

"पत्रे उडाले ना, तेव्हापासून हिला वाऱ्याचा आवाज सोसत नाही," सर माझ्या कानाशी म्हणाले. "वारा सुटला की मशीन लावतो. धुतलेलेच कपडे पुन्हा धुतो. बसमधून काढून बघितलं रे, पण रात्री वारा वाढला तर हिला घरात थांबवत नाही, बसमध्येच यावं लागतं."

"मग सांगायचं ना सर! आम्ही तुम्हाला हसायचो."

"मला हसा की. मी पहिल्यापासून भित्राच आहे. हिला कुणी भित्री म्हणायला नको. वाऱ्यावादळात एकटी सायकल मारत शाळेत जायची ती."

तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं. वाऱ्याचा आवाज एकदम आत शिरला आणि काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली. बस एका अंगाला कलल्यासारखी वाटली. मलाही ओरडावंसं वाटत होतं.

आणि माझ्या कानावर आलं, "घर्रर्र... घर्रर्र..."

सर मशीनला मिठी मारून बसले होते. दोन्ही हातांनी ते हलवत होते आणि तोंडानं आवाज काढत होते. स्वतः थरथर कापत होते, त्यामुळे आवाजही कापत होता. पण थांबत नव्हते.

बऱ्याच वेळानं काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "अहो, पिळताना जरा जोरात असतो आवाज."

सरांनी जोर वाढवला. मी उठलो, दुसऱ्या बाजूनं मशीन धरलं आणि गदागदा हलवायला लागलो.