मास्तरांचा भाता आणि एकशे चोवीस ठोके

कोणतीही परंपरा टिकवायची असेल तर आधी तिच्यातला जुनेपणा काढून टाकावा लागतो, हे आता सर्व सुसंस्कृत समाजांत निर्विवाद मानले जाते. विया लुरो वस्तीतल्या आमच्या नाचाच्या क्लबाने हे तत्त्व गेल्या हिवाळ्यात स्वीकारले आणि तांगो अद्ययावतीकरण उपसमिती नेमली. मी तिचा कार्यवाह. (ज्याचे अक्षर बरे असते आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला कार्यवाह करतात.)

उपसमितीने प्रथम जुन्या तांगोच्या गाण्यांची शास्त्रशुद्ध तपासणी केली. त्यात विरह एक्केचाळीस टक्के, आई बावीस टक्के, आपली गल्ली अठरा टक्के, शर्यतीचे घोडे अकरा टक्के आणि उरलेल्या आठांत सिगारेटचा धूर, असे आढळून आले. आजच्या काळात माणसाने एवढी आई बाळगणे बरे नव्हे, यावर एकमत झाले. (सूचना मांडणारे सभासद एकसष्ट वर्षांचे असून दोन्ही वेळा आईकडेच जेवतात.) नव्या तांगोत विरह पाच टक्क्यांवर आणून बाकी जागा यंत्राच्या ठोक्यांना द्यावी, असे ठरले. ठोके मिनिटाला एकशे चोवीस. निरोगी माणसाच्या हृदयाचे बहात्तर. म्हणजे बावन्न ठोक्यांची निव्वळ प्रगती.

हे काम ब्रूनेला नावाच्या मुलीकडे सोपवले. गुणी पोरगी, सोबत लॅपटॉप आणि वायरींचा गुंता. तिला कच्चा माल म्हणून मास्तर एवारिस्तो हवे होते.

मास्तर एकोणऐंशीचे. बांदोनेऑन वाजवतात, म्हणजे गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी ओढायची ती भात्याची पेटी. बायको गेल्यापासून सहा दिवस ते रविवारची वाट बघतात आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या मंचावरच्या खुर्चीत बसून वाजवतात. प्रश्न या खुर्चीचा होता, बाकी सगळा कागद.

"मास्तर, नुसता भाता उघडा. वाजवू नका," ब्रूनेला म्हणाली.

"वाजवू नको? मग काय हवा खाऊ घालू त्याला?"

"तो श्वासच हवाय मला. जीव आहे हो त्यात!"

म्हातारा खूश झाला. टाय सारखा केला आणि चार तास एकेक सूर, एकेक सुस्कारा देत बसला. निघताना त्याने विचारले, "आणि मी कुठं बसायचं?"

"तुम्ही आहातच की मास्तर, या डब्यात," तिने लॅपटॉपवर थाप मारली.

"डब्यात जायची मला इतक्यात घाई नाहीये, पोरी."

ब्रूनेला मनापासून हसली. मीही हसलो, आणि इतिवृत्तात 'संबंधितांची आनंदाने संमती' असे लिहिले.

चाचणीचा रविवार उजाडला. आमच्याकडे तीनचार तांगो झाले की मध्ये अर्धे मिनिट कसलेही भलतेच संगीत लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की जोडीदाराला सोडा, आपापल्या खुर्चीवर जा, घाम पुसा. रस्त्यावरचा लाल दिवा आमचे लोक मोडतील, हा नियम मोडणार नाहीत. ब्रूनेलाने पहिला ठोका सोडला मात्र, सगळ्या जोड्या शिस्तीत सुटल्या आणि खुर्च्यांवर जाऊन बसल्या. ठोके चालूच राहिले. मधूनच मास्तरांचा सुस्कारा, मग कोणी बाई 'परत येईन' असे सत्तावीसदा कुजबुजली. लोक मधले संगीत संपण्याची वाट बघत होते. एम्पानादांचे, म्हणजे आमच्या तिखट करंज्यांचे, तीन घाणे खपले. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग लागली.

नेलिदाबाई तीस वर्षे मास्तरांच्या पेटीवर नाचत आल्या आहेत. त्यांनी मला हटकले, "अरे, हे मधलं संपणार कधी? चाळीस मिनिटं झाली! पाय गार पडले माझे."

अध्यक्षा उर्रुतीबाई स्वतः नाचत नाहीत. (म्हणूनच त्यांना निःपक्षपाती म्हणून निवडले होते.) त्यांनी अहवालात लिहिले: "उपस्थित ब्याऐंशी जणांनी शेवटपर्यंत आसनस्थ राहून श्रवण केले. मास्तरांच्या कार्यक्रमात लोक एक क्षणही बसत नाहीत." आकडे खरे होते.

पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात बैठक झाली. सवयीने बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या भिंतीला, आणि मास्तर मंचावर, पेटी मांडीवर. उर्रुतीबाईंनी ठराव वाचला: मास्तरांचा श्वास जतन झाला असल्याने प्रत्यक्ष मास्तरांची आवश्यकता उरलेली नाही. "सगळ्यांना मंजूर?"

जमलेल्या एकसष्ट जणांपैकी कोणालाही हा ठराव नको होता. पण या सभागृहात आजवर कोणी काही तोंडाने मागितलेले नाही. नाचायचे असले तरी पलीकडे नजर टाकायची, हनुवटी जराशी उचलायची. तिकडून मान हलली की झाले. लोकांनी तेच केले. इकडून नजर गेली, 'तुम्ही बोला ना.' तिकडून मान हलली, 'बोला, मी आहे पाठीशी.' नेलिदाबाईंनी थेट मास्तरांकडे पाहून मान हलवली. म्हणजे 'वाजवा.' मास्तरांचा चेहरा उजळला आणि त्यांनीही मान हलवली. म्हणजे 'वाजवतो.'

"मान किती जणांनी हलवली?" उर्रुतीबाईंनी मला विचारले.

मी मोजले. त्रेपन्न. त्यातली एक मास्तरांची. प्रत्येक मानेचा अर्थ मला ठाऊक होता, मी तिथेच नाचत म्हातारा झालोय. पण अर्थासाठी आमच्या इतिवृत्तात रकाना नाही, संख्येसाठी आहे. लिहिले: पक्षात त्रेपन्न, विरोधात शून्य. मास्तरांनी पेटीचा पट्टा बंद केला आणि मंचावरून उतरताना धरायला कोणाचा हात मिळतो का ते पाहिले. सगळ्यांनी जागेवरूनच अतिशय सहानुभूतीने पाहिले.

आता तुम्ही, वाचकहो. इथपर्यंत वाचताना तुम्हीही मान हलवलीत. हळहळून हलवलीत, मला कल्पना आहे. मनात म्हणालात, कोणीतरी बोलायला हवे होते. अगदी बरोबर. पण हललेल्या मानेसाठी रकाना एकच आहे.

पक्षात चौपन्न.