एकमताने आप्पासो

चौथी चिठ्ठी उघडली तेव्हा मानसिंग हवालदारांना वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय. सातवी उघडली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. समोर माईक, माईकपुढे कराडच्या मैदानात मांडी घालून बसलेली हजारभर माणसं, आणि हातातल्या सातही चिठ्ठ्यांवर एकच नाव. आठवी चिठ्ठी उंब्रजच्या कप्तानाची होती. आपल्याच गावाला मत द्यायचं नाही हा नियम पाळून त्याने ती कोरी ठेवली होती.

"कृष्णा-माण फुटबॉल लीग, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. सर्वोत्तम खेळाडू..." हवालदारांनी वरची चिठ्ठी उलटून पाहिली. "आप्पासो. उंब्रज."

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. उंब्रजकरांनी हलगी वाजवायला सुरुवात केली. हवालदार मात्र माईक धरून तसेच उभे राहिले. उंब्रजचे आप्पासो गोलकीपर होते. वय वर्षं चोपन्न. फेटा बांधून गोलमध्ये उभे राहायचे आणि चेंडू आला की भालदाराने वाट द्यावी तसे बाजूला सरायचे. हंगामात त्यांनी अठ्ठावन्न गोल खाल्ले होते. लीगमध्ये एवढे कुणीच खाल्ले नव्हते.

आता वर्षातल्या निवडक अकरा खेळाडूंची यादी वाचायची होती. हीसुद्धा मतं घेऊनच ठरली होती. हवालदारांनी बेरीज केली, पुन्हा केली आणि खुर्ची शोधली. अकरांपैकी आठ जण गोलकीपर होते. म्हणजे आठ गावांचे आठही. उरलेल्या तिघांपैकी दोघे वर्षभर राखीव बसलेले, त्यांचा चेंडूला पाय लागला नव्हता. तिसरा पहिल्या सामन्यानंतर नोकरीला मुंबईला निघून गेला होता, तो आज रजा काढून हजर होता.

आणि आटपाडीच्या धुळाला एकही मत नव्हतं.

धुळा म्हणजे विशीतलं, मेंढरांमागे पळून पाय कमावलेलं पोर. एकट्याने त्रेचाळीस गोल केलेले. येत्या रविवारी निवडक अकरांचा सामना बेळगावच्या पलटणीशी होता आणि हवालदारांचे त्याच पलटणीतले जुने साहेब, मेजर रणनवरे, एक खेळाडू भरती करून न्यायला स्वतः येणार होते. हा सगळा घाट हवालदारांनी धुळासाठीच घातला होता. आटपाडीला जाऊन, शेळीच्या दुधाचा चहा पिऊन, त्यांनी त्याच्या आईला, सुलाबाईला शब्द दिला होता, "पोरगं तुमचं पलटणीत गेलं म्हनून समजा." सुलाबाईने त्याच दिवशी सोयऱ्यांना सांगून टाकलं होतं.

हवालदारांनी कप्तानांना मंडपामागे गोळा केलं. सयाजी हा विट्याचा कप्तान, त्याच्यावर ते आधी उखडले.

"आरं, आप्पासोला मत? डोस्कं ठिकानावर हाय का?"

"का वो? लय दिलदार मानूस," सयाजी म्हणाला. "आमाला नऊ गोल घालू दिलं. वर सामना झाल्यावर घरी न्हेऊन जेवू घातलं."

"आनि धुळाला का न्हाई दिलं?"

"त्येनं आमच्यावर सहा घातल्यात! त्येला मत दिऊन गावात कुठल्या तोंडानं जाऊ?"

सगळ्या कप्तानांचं म्हणणं हेच होतं. गावोगावची रीत अशी की, पळायचं वय सरलेल्या पण संघात मान तर द्यायलाच हवा अशा माणसाला गोलमध्ये उभं करायचं. पाव्हण्यांच्या गावात मत कुणाला द्यायचं, तर अशाच वडीलधाऱ्याला. गावाच्या अभिमानापायी मतदान नासू नये म्हणून दुसऱ्या गावालाच मत द्यायचा नियम हवालदारांनी केला होता. आता तोच त्यांच्या मुळावर आला होता.

शेवटी त्यांनी आटपाडीच्या कप्तानाकडे पाहिलं. आटपाडीचा कप्तान धुळाच होता.

"तूबी आप्पासोलाच दिलंस?"

"व्हय, आबा," धुळा मान खाली घालून म्हणाला. "माझ्या त्रेचाळीसांत बारा त्येंच्यावरचं हायती. उपकार कसं इसरायचं?"

हवालदारांनी कपाळावर हात मारून घेतला. निकाल माईकवरून जाहीर झाला होता. आता एकच उपाय होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते एस.टी.ने उंब्रजला गेले. आप्पासोंनी जागा सोडली की धुळा आत. पण आप्पासोंच्या दारात तोरण होतं, आणि त्यांच्या कारभारीण, हरणाबाई, शिंप्याला चड्डीचं माप देत होत्या.

"भावजी, गुडघ्याखाली चार बोटं ठिवायला सांगितलीय," त्या म्हणाल्या. "पलटनीचं सायेब येनार. माझ्या माहेरचीबी सोळा मानसं येत्यात."

आप्पासो ओसरीवर बसले होते. पण नेहमीसारखे ऐसपैस नव्हे. ताठ बसले होते आणि चेहरा विलक्षण गंभीर होता. हवालदारांचा विषय तोंडातल्या तोंडात राहिला. चहा पिऊन, अभिनंदन करून ते परत आले. बाकीचे सात गोलकीपर तरी कुठे मागे हटणार होते? त्यांच्याही दारांत तोरणं लागलीच होती.

रविवारी पलटणीचा ट्रक आला. हवालदार देवाचं नाव घेत होते, आणि देव पावला. ट्रकमधून उडी मारताना पलटणीच्या एका गड्याचा पाय मुरगळला. आणले होते बरोबर अकराच.

"साहेब, आमचा एक मानूस देतो!" हवालदार जवळजवळ ओरडलेच. धुळाने पलटणीचा गंजीफ्रॉक चढवला. हवालदारांच्या जिवात जीव आला. पलीकडे आठ गोलकीपर, मध्ये फेटेवाले आप्पासो. पोरगं आज पोत्यानं गोल करणार आणि मेजरसाहेब ते बघणार!

शिट्टी झाली तशी आठही गोलकीपर सवयीने गोलकडे गेले. मान म्हणून आप्पासो दोन खांबांच्या मध्ये, बाकीचे सात जण त्यांच्यापुढे सुपारी कातरत उभे. पलटणीच्या गड्यांना त्या सात पोटांमधून वाटच सापडेना. धुळा तेवढा मेंढरू शिरावं तसा फटीतून आत शिरला, समोर फक्त आप्पासो. त्याने सणसणीत टोला हाणला.

आप्पासोंनी चेंडू अडवला. छातीशी धरून ते उताणे पडले.

हवालदार खुर्चीतून उठले. योगायोग असेल म्हणेपर्यंत धुळाने दुसरा मारला. आप्पासोंनी उजवीकडे झेप घेतली. चोपन्न वर्षांच्या देहाने, फेट्यासकट! तिसरा त्यांनी गुडघ्याने अडवला. मध्यंतरात हवालदार धावत गेले.

"आवं आप्पासो, काय चालवलंय हे?"

"हवालदार," आप्पासो धापा टाकत म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं, "आयुष्यात कुनी कशात पयला म्हनलं न्हवतं मला. सात गावानी म्हनलं. आता गोल खायाची लाज वाटती वो."

हवालदारांचेही डोळे भरून आले, आणि त्याच वेळी आप्पासोंचा गळा धरावासाही वाटला. उत्तरार्धात धुळाने आणखी आठ फटके मारले. आठही अडले. सामना शून्य-शून्य सुटला आणि उंब्रजकरांनी आप्पासोंना खांद्यावर घेतलं. लांब बांधाशी सुलाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्याकडे बघायचा धीर हवालदारांना झाला नाही.

मेजरसाहेब चहा घेत होते. "काय हवालदार, हाच का तुमचा हिरा? एका फेटेवाल्याला गोल घालता आला नाही त्याला. अकरा वेळा!"

हवालदारांनी सावधान पवित्रा घेतला. पायाखालची जमीन सरकत असताना त्यांचा हात खिशात गेला आणि सात चिठ्ठ्या बाहेर आल्या.

"साब, तो साधा फेटेवाला न्हाई. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हाय. सात गावांच्या कप्तानांचं गुप्त मतदान. आपल्या गावाला मत द्यायचं न्हाई असा नियम. तरीबी एकमत, साब."

मेजरांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. कप बशीत ठेवला.

"एकमत?" ते हळू आवाजात म्हणाले. "आणि माझे दहा जण त्याच्या जवळसुद्धा पोचले नाहीत. हे पोरगं अकरा वेळा पोचलं." त्यांनी धुळाकडे नीट पाहिलं. "सोमवारी बेळगावला पाठव त्याला. पलटणीत घेतला."

बांधाकडे हात करून हवालदारांनी सुलाबाईला खूण केली. ती मटकन खालीच बसली.

"पण कमाल माणूस आहे हा तुमचा," मेजर अजून आप्पासोंकडे बघत होते. "सबंध हंगामात किती गोल खाल्ले असतील रे? चार? पाच? तू तर सगळं रजिस्टरात लिहिणारा माणूस."

रजिस्टर शेजारच्या खुर्चीवर होतं. अठरा वर्षांच्या नोकरीत आणि सहा वर्षांच्या पेन्शनीत मानसिंग हवालदार साहेब उभे असताना कधी बसले नव्हते. मेजर उठून खुर्चीकडे वळले, तसे हवालदार चटकन पुढे झाले आणि त्या रजिस्टरावर ऐसपैस बसले.