व्यंकटअण्णांची चौकशी

व्यंकटेश गड्डम यांनी गेल्या उन्हाळ्यात स्वतःला दोन मेमो दिले. पहिला, कामावर अकरा मिनिटं उशिरा आल्याबद्दल. दुसरा, पहिल्या मेमोला उर्मट उत्तर दिल्याबद्दल. दोन्ही कागद मी स्वतः पाहिले आहेत. उत्तर खरोखरच उर्मट होतं.

गड्डम, म्हणजे आमच्या गल्लीतले व्यंकटअण्णा, घरातून काम करतात. सोलापूरच्या पूर्व भागात त्याचं कोणाला नवल नाही. इथे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत विड्या, अशीच घरं चालत आली. अण्णांचं वेगळेपण इतकंच, की त्यांचा माल हातात धरता येत नाही. ते संगणकाच्या पडद्यावर बारीक चौकोन भरतात. एकेक चौकोन, एकेक रंग. चौकोनांची तलवार होते, घुबड होतं, किल्ला होतो. ही चित्रं परदेशातली माणसं आपल्या मोबाइलवरच्या खेळांत वापरतात. गिऱ्हाईक एका वेबसाइटवर भेटतं, तिथेच काम सांगतं, काम झालं की पाचपैकी तारे देतं आणि दिसेनासं होतं.

त्याआधी सव्वीस वर्षं अण्णा चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. मोठ्या ग्राफ पेपरवर घरं रंगवून मोर काढायचा, वेल काढायची, आणि त्या कागदावरून मागावर चादर उतरायची. कारखाना बंद पडला. त्यांची मुलगी पद्मा लग्न होऊन भिवंडीला जाण्याआधी एवढं करून गेली, की जगात चौकोन भरून घेणारे लोक आहेत हे तिने शोधून काढलं आणि वडिलांचं त्या वेबसाइटवर खातं उघडलं. फोटोत अण्णा कोट घालून आहेत. कोट स्टुडिओचा होता. अण्णांना तो इतका आवडला की नंतर त्यांनी तसाच शिवून घेतला.

कारखाना बंद झाला, पण अण्णांनी आपल्यापुरता तो चालू ठेवला. वरच्या खोलीच्या दाराला हजेरीचं मस्टर टांगलं आहे. नऊला सही. साडेबाराला जेवणाची सुट्टी. नळाला पाणी यायच्या दिवशी अर्धी रजा, पण अर्ज आदल्या दिवशी दिलेला पाहिजे. खोलीत दोन बैठका आहेत. एक चाकांची खुर्ची, एक लोखंडी स्टूल.

‘‘रजा मंजूर कोण करतं?’’ मी एकदा विचारलं.

‘‘मालक.’’

‘‘मालक कोण?’’

‘‘मीच की.’’

‘‘आणि कामगार?’’

‘‘त्यो बी मीच. पन दोघांचं पटत न्हाय.’’

पटत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. मालक खुर्चीत बसून कामगाराला बोलतो तो आवाज खाली ऐकू येतो. कामगार स्टुलावर येऊन उत्तर देतो. मालकाला चित्रकला येत नाही, त्यामुळे तो सूचना फार करतो, अशी कामगाराची तक्रार आहे.

हे प्रकरण शेवटी संपापर्यंत गेलं. परदेशातल्या सणांच्या हंगामात अण्णांनी एकोणीस दिवस सुट्टी न घेता काम केलं. विसाव्या दिवशी सकाळी ते घराच्या पायरीवर लाल टॉवेल काठीला बांधून बसले आणि त्यांनी व्यवस्थापनाचा निषेध केला. घोषणा तेलुगूत आणि मराठीत अशा दोन्ही भाषांत होत्या. माणसं जमली. आमच्या शेजारचे रिक्षावाले रफिकभाई मध्यस्थीला उभे राहिले.

‘‘अण्णा, तुमारा मालक किदर है?’’

‘‘वर बसलाय. भायेर येत न्हाय. भ्यालाय.’’

‘‘तो मैं जाके बात करूं क्या?’’

‘‘जा. पन त्याचा चहा पिऊ नका. फितवतो त्यो.’’

रफिकभाई वर गेले, रिकाम्या खुर्चीसमोर पाच मिनिटं बसले आणि खाली येऊन म्हणाले, मालक रविवारची सुट्टी द्यायला तयार आहे. आकस ठेवून कारवाई होणार नाही, हे कलम अण्णांनी घालायला लावलं. करार कागदावर झाला. मालकाची सही इंग्रजीत, कामगाराची तेलुगूत. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली आणि अनेक संप मी छापले. दोन्ही बाजूंनी करार पाळलेला मला आठवतो तो हा एकच.

गिऱ्हाइकांशी मात्र करार करता येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, थोडासा बदल. थोडासा बदल झाला की म्हणतं, आधीचं बरं होतं. एकाने ड्रॅगन मागवला. तो अजून भयंकर पाहिजे, पण लहान मुलांना प्रेमळ वाटला पाहिजे. अण्णांनी तो नऊ वेळा केला. ‘‘ह्यो मानूस आमच्या कारखान्यात मालक असता,’’ ते म्हणाले, ‘‘तर कारखाना धा वर्षं आधी बंद पडला असता.’’

खरी अडचण टिपक्यांची होती. चादरीत एका रंगाचा दोरा लांबपर्यंत मोकळा ठेवला तर तो लोंबतो आणि पांघरणाऱ्याच्या पायाच्या बोटात अडकतो. म्हणून मोठी जागा एका रंगाने भरायची असली की ठराविक अंतरावर दुसऱ्या रंगाचा टिपका टाकून दोरा बांधून घ्यायचा असतो. अण्णा पडद्यावरही तेच करतात. आभाळ असो, सैनिकाचं चिलखत असो, कलिंगड असो. दर आठ घरांनंतर टिपका. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे डाग कसले? पद्माने भिवंडीहून फोन केला.

‘‘नान्ना, टिपके काढा.’’

‘‘काढले तर दोरा लोंबंल.’’

‘‘अहो, इथं दोरा कुठं आहे?’’

‘‘आज न्हाय. उद्या कुनी इनायला घेतलं तर?’’

टिपके राहिले. पुढे लोकांना ते आवडू लागले. टिपके पाहून गिऱ्हाइकं येऊ लागली आणि चार वर्षांत अण्णांच्या नावापुढे पाच ताऱ्यांच्या खाली काही उतरलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका नव्या गिऱ्हाइकाने भाज्या मागवल्या. वांगी, भोपळे, मुळे, अशी चौसष्ट चित्रं. ती मिळाल्यावर त्याने मोठी करून पाहिली आणि तक्रार नोंदवली. टिपके इतक्या सारख्या अंतरावर आहेत की माणसाच्या हाताने ते शक्य नाही. ही चित्रं यंत्राकडून करून घेतली आहेत, विक्रेत्याने फसवणूक केली आहे. एक तारा.

वेबसाइटने खातं गोठवलं. सात दिवसांत आपण स्वतः काम करता हे सिद्ध करा, नाहीतर खातं कायमचं बंद. अण्णांनी ती इंग्रजी मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कुठे उभं करणार नाहीत, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. ‘‘मानूस हाय का मशीन, ते मला इचारा म्हनावं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मशीन असतं तर बंद करायचं बटन असतं की.’’

रफिकभाईंनी वेगळी बाजू मांडली. ‘‘मशीन बोले तुमकू. ये तो तारीफ हुई ना, अण्णा.’’

‘‘तारीफ हाय. पन काम बंद हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सव्वीस वर्षं मालक कानीकपाळी वरडायचा, मास्तर, मशीनीगत काम करा. आता जमाया लागलं, तर हे म्हनत्यात मानसागत करा.’’

तिसऱ्या दिवशी मी वर डोकावलो. मस्टरवर तीन दिवसांच्या चौकटी कोऱ्या होत्या. सही नाही, खाडा नाही. चार वर्षांत असं झालेलं नव्हतं. मालक कुठे आहेत, असं मी गमतीने विचारलं. अण्णांनी स्टुलावरूनच रिकामी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

चौकशी गुरुवारी दुपारी तीनला ठरली. व्हिडिओवर बोलायचं आणि समोर चित्र काढून दाखवायचं. दुभाषा मी. अण्णा कोट घालून बसले. कागद उडू नये म्हणून पंखा बंद केलेला. सोलापुरात मे महिन्यात दुपारी तीनला कोट घालून बंद पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला कोणी यंत्र म्हटलं, तर त्यात फारशी चूक नाही.

पडद्यावर एक तरुण बाई आल्या. कानाला हेडफोन, मागे पांढरी भिंत. दहा मिनिटं लागतील, म्हणाल्या. काहीही काढा, एखादं फूल चालेल. अण्णांनी माऊसला हात लावला नाही. त्यांनी ग्राफ पेपर पसरला आणि पेन्सिलीने फूल सुरू केलं.

‘‘अण्णा, कॉम्प्युटरवर काढा,’’ मी कुजबुजलो.

‘‘आधी कागद. नंतर मशीन. कारखान्यात बी असंच हुतं.’’

बाईंनी पहिला प्रश्न विचारला: हे टिपके कशासाठी? अण्णा चार मिनिटं बोलले. ताणा, बाणा, लोंबता दोरा, पायाचं बोट, एका व्यापाऱ्याने परत पाठवलेला माल, सगळं आलं. मी इंग्रजीत म्हणालो, ‘‘मजबुतीसाठी.’’

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘येवढं सगळं सांगितलं मी. तुमी दोन शब्दांत संपवलं?’’

‘‘सार सांगितलं, अण्णा.’’

‘‘हितं पेपर छापायचा न्हाय. जागा लई हाय. सगळं सांगा.’’

मी सगळं सांगितलं. पायाच्या बोटापाशी बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, अशी चादर आहे का घरात? लक्ष्मीवहिनींनी पलंगावरचीच ओढून आणली. अण्णांनी ती कॅमेऱ्यासमोर उलटी धरली आणि मागच्या बाजूने दोरे कसे बांधलेत ते बोटाने दाखवत गेले. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी कोणाला तरी हाक मारली आणि दुसरी एक वयस्क बाई येऊन त्यांच्या मागे उभी राहिली.

अण्णा पुन्हा फुलाकडे वळले. पेन्सिल चालली होती, घाम कागदावर पडू नये म्हणून वहिनी मधूनमधून पदराने अण्णांचं कपाळ टिपत होत्या. तेवढ्यात ती मागची बाई पुढे वाकली आणि काहीतरी म्हणाली.

‘‘काय म्हनल्या?’’

सांगावं की नाही, मी विचारात पडलो. ‘‘डावीकडची पाकळी थोडी जाड वाटते, असं म्हणतात.’’

अण्णांनी पेन्सिलीच्या टोकाने घरं मोजली. पुन्हा मोजली. ‘‘बरोबर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘एक घर जास्ती झालं.’’ त्यांनी खोडरबर घेतला. चूक सापडल्यावर माणसाचा चेहरा इतका उजळतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ते आणखी अर्धा तास बोलले, आणि मी एक शब्द गाळला नाही.

शनिवारी मेल आली. खातं पुन्हा सुरू. तो एक तारा काढून टाकलेला, झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी. रफिकभाईंनी गल्लीत पेढे वाटले. पद्माचा फोन आला. वहिनींनी मेल वाचता येत नसताना ती दोनदा पाहिली.

सोमवारी अण्णा माझ्याकडे आले. एक इंग्रजी पत्र लिहून पाहिजे होतं. आभाराचं असणार म्हणून मी कागद घेतला.

‘‘लिहा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चौकशी झाली. पन पुरी झाली न्हाय. फूल झालं, वेल राह्यली. मोर तर काढलाच न्हाय.’’

मी थांबलो. ‘‘अण्णा, खातं सुरू झालंय. आता ते परत कशाला तपासतील?’’

‘‘त्यांच्या मनात शंका राहू नये म्हनून.’’

‘‘त्यांना शंका नाही. तसं लिहिलंय त्यांनी.’’

अण्णांनी माझ्या टेबलावरचा कागद सरळ केला. ‘‘डिझाइन खात्यात आमी पाच जन हुतो,’’ ते म्हणाले. ‘‘कुनी बी मागं येऊन हुबं ऱ्हायचं. हे जाड झालं, ते वाकडं झालं. लई शिव्या द्यायचो मी.’’ मग म्हणाले, ‘‘आता काम झाल्यावर बघत्यात, साहेब. तारे देत्यात. करताना चार वर्षांत कुनी बघितलं न्हवतं.’’

मी पत्र लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच. वेल राहिली आहे. मोर राहिला आहे. शंका असल्यास पुन्हा चौकशी करावी, शंका नसल्यासही करावी. त्या दुसऱ्या बाईंनाही बोलवावं. खाली अण्णांनी तेलुगूत सही केली. मी पाठवणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि सहीखाली आणखी एक ओळ घालायला लावली.

‘‘गुरुवारी तीन वाजता चालंल. बाकीच्या दिवशी बी चालंल.’’