शर्टाच्या मापाची बंदूक

निशिकांत कारखानिसानं हात वर केला होता तो कॉफीवाल्या अंकलला बोलावण्यासाठी. पण नेमकं त्याच वेळी टेबलाच्या त्या टोकाला त्याचे साहेब, मिस्टर टॅन, विचारत होते, "आपल्या बँकेत शूटिंग कोणाला येतं?" रॅफल्स प्लेसच्या हॉकर सेंटरमध्ये दुपारी जेवताना अर्धा प्रश्न गोंगाटात जातो आणि उरलेला नूडल्सच्या वाफेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा निशिकांतला वाटलं, आजची कॉफी साहेबांकडून. खरा प्रकार कळल्यावर हात खाली घेता आला असता. त्यानं घेतला नाही. वर म्हणाला, "सर, ते आमच्या रक्तातच आहे. माझ्या पणजोबांची दुनळी बंदूक होती."

(होती, हे खरं आहे. पणजोबांनी ती जन्मात एकदाच उडवली आणि शेजाऱ्यांची कौलं फोडली, हेही खरं आहे. पण साहेबापुढे इतिहास सगळाच्या सगळा सांगायचा नसतो.)

गोष्ट २००६ सालची. दरवर्षी बँकाबँकांची एक स्पर्धा व्हायची. आकाशात नारिंगी रंगाची मातीची तबकडी उडवायची आणि ती खाली पडायच्या आत बंदुकीनं फोडायची. प्रत्येक बँकेचे तिघं. कर्मचारी किंवा त्यांच्या घरचं कोणीही चालतं. साहेब स्वतः एक, हिशेब खात्यातली एक बाई दुसरी, आणि तिसऱ्या जागेवर आता आमचा निशिकांत. राखीव खेळाडू म्हणून शैलेंद्र पोतनीस. हा पोतनीस निशिकांतच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि त्याला एखादी गोष्ट कळली म्हणजे ती सिंगापुरातल्या तमाम मराठी माणसांना कळली असं समजायचं. संध्याकाळपर्यंत चार जणांचे फोन आले. "काय कारखानीस, वाघ मारायला निघालात म्हणे!"

आता माघार घेणं म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं. (नाकाचा विषय पुढे येणारच आहे.)

ज्या गावात च्युइंगम मिळवायची मारामार, तिथं बंदूक मिळवणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. परवाना, परीक्षा, पोलीस, पुन्हा परवाना. निशिकांतनं ते सगळं निमूटपणे पार पाडलं. कारखानीस मंडळी राहायची चोआ चू कांगला, आणि शूटिंगचा क्लब तिथून पुढे थोड्याच अंतरावर. एक मेंबर देश सोडून चालले होते, त्यांची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन त्यानं घेतली. एक बार उडाला की पुढचं काडतूस आपलं आपण वर चढतं, अशी गुणी बंदूक. फक्त ती घरी आणायची नाही, क्लबच्या शस्त्रागारातच ठेवायची. सासरी दिलेल्या मुलीसारखी रविवारी जाऊन भेटून यायची.

भेटी चालू झाल्या. दर रविवारी निशिकांत उजवा खांदा निळा करून घरी यायचा आणि मधुवंती, त्याची बायको, त्याला बाम चोळायची. तबकड्या मात्र सुखरूप जमिनीवर उतरायच्या. एकदा एक फुटली, पण ती मशीनमधून निघतानाच तडकलेली होती असं क्लबच्या प्रशिक्षकानं प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटी प्रशिक्षकच म्हणाला, "बंदूक तुमच्या मापाची नाही. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता बदलून घ्या. मिस्टर ओंगना भेटा."

मिस्टर ओंग हे गनस्मिथ. शस्त्रागाराच्या मागे त्यांचं वर्कशॉप. पण वर्कशॉप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो तेलकट बनियन येतो तो आधी पुसून टाका. मिस्टर ओंग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, केसांना सुगंधी तेल लावत आणि स्वतःबद्दल बोलताना "ओंग असं करत नाही", "ओंगला हे चालत नाही" असं बोलत. पसंत न पडलेलं गिऱ्हाईक ते सरळ परत पाठवत. आणि तरी लोक रांग लावत, कारण माणूस खरोखर जादूगार होता. अक्रोडाच्या लाकडावर हात फिरवून ते सांगत, कुठं केसभर तासायचं आणि कुठं नाही. त्यांच्या हातून गेलेली बंदूक खांद्याला लावली की ती आपल्या हाडातूनच उगवल्यासारखी वाटते, असं क्लबातले लोक कानाला हात लावून सांगायचे.

मिस्टर ओंग नवीन माप फक्त बुधवारी दुपारी घेत. आणि बुधवारी दुपारी निशिकांतची मीटिंग.

"मधू, एवढं तू जाऊन ये ना," तो म्हणाला. "मापाचा शर्ट घेऊन जा."

मापाचा शर्ट ही काय चीज आहे हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. दादरला शिवलेला, निळ्या चौकडीचा, अंगाला एकदाच म्हणून जो काही बसला तो. तेव्हापासून तो अंगात घालायचा नाही, फक्त शिंप्याकडे मापाला द्यायचा. सिंगापूरला येताना देव्हारा आणि मापाचा शर्ट या दोन वस्तू निशिकांतनं हातातल्या बॅगेत घेतल्या होत्या. लिटल इंडियातला शिंपी त्यावरून डोळे मिटून शर्ट शिवायचा. मग गनस्मिथ म्हणजे तरी काय, लाकडाचा शिंपीच की!

"अहो, बंदुकीला शर्टाचं माप चालतं?" मधुवंतीनं विचारलं.

"खांद्याचंच तर माप लागतं. शर्टाला खांदे आहेत ना? मग!"

(हा माणूस बँकेत रिस्क मॅनेजमेंटमध्ये होता. लोकांनी कसले कसले धोके पत्करावेत हे ठरवायचा.)

बुधवारी ऐन मीटिंगमध्ये त्याचा फोन थरथरला. मिस्टर टॅन समोर बसले होते. निशिकांत पेन उचलायच्या निमित्तानं टेबलाखाली गेला.

"अहो, हे मिस्टर ओंग भयंकर चिडलेत," मधुवंती कुजबुजली. "म्हणतात, शर्ट कॅनॉट शूट! शर्टाला गाल कुठाय, डोळा कुठाय?"

"अगं, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग काय करू? माप कोण देणार?"

"तूच दे ना माप!" निशिकांत घाईघाईनं म्हणाला. "सगळं मलाच काय विचारतेस?" आणि फोन बंद करून पेन न घेताच वर आला.

त्याला म्हणायचं होतं, शर्टावरून जे काय ते सांग आणि मोकळी हो. तिकडे मात्र मधुवंतीनं फोन पर्समध्ये टाकला, मापाचा शर्ट घडी करून बाजूला ठेवला आणि मिस्टर ओंगना सांगितलं, "माझंच माप घ्या." निशिकांतला हे पुष्कळ उशिरा कळलं. तुम्ही त्याच्यासारखे अंधारात राहू नये म्हणून आत्ताच सांगून टाकलं.

मिस्टर ओंग एकदम खूश झाले. बायका त्यांच्याकडे फार येत नसत. त्यांनी मापाची खास लाकडी बंदूक काढली. हिचा दस्ता स्क्रूनं लांब-आखूड, वर-खाली होतो. तिच्या खांद्याला लावली, गालाला टेकवली, समोर उभं राहून तिच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, डोळा स्थिर आहे. ओंग असा डोळा रोज बघत नाही."

निशिकांत उंचीला ताडमाड, सहा फुटांना दोन बोटं कमी. मधुवंती त्याच्या खांद्याला जेमतेम लागायची. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते तुम्ही ताडलंच असेल.

रात्री निशिकांतनं विचारलं, "झालं का माप?"

"झालं. पण ट्रायलला पुन्हा बोलावलंय."

"शर्ट लागला का?"

"नाही लागला. मीच दिलं."

"उत्तम," निशिकांत टीव्हीकडे बघत म्हणाला.

त्यानंतर मधुवंती दर बुधवारी ट्रायलला जायला लागली. माप बरोबर बसलंय का हे बघायला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची बंदूक उडवून बघावी लागायची, मिस्टर ओंग मागे उभे राहून बघायचे, परत जाऊन लाकूड तासायचे. घरी ती गुणगुणत स्वयंपाक करायला लागली. एका बुधवारी सोड्याची खिचडी, पुढच्या बुधवारी वालाचं बिरडं. निशिकांतला वाटलं, आपण नेमबाज होतोय याचा हिला केवढा आनंद!

बंदूक तयार झाली ती थेट स्पर्धेच्या दिवशी सकाळी. दस्त्याचं तेल मुरल्याशिवाय ओंग माल देत नाही.

रविवार. क्लबवर ही गर्दी. पोतनीस शिट्टी घेऊन आला होता. क्लबच्या माणसानं शस्त्रागारातून बंदूक आणली आणि निशिकांत बघतच राहिला. हीच का ती आपली धुरकट बंदूक? दस्ता मधाच्या रंगाचा झाला होता, आतल्या रेषा जिवंत वाटत होत्या. मागच्या टोकाला नवी मऊ रबरी गादी, गाल टेकतो तिथं हलकासा उंचवटा. चाप तर इतका हलका की बोट लावायचा नुसता विचार पुरे. निशिकांतचे डोळे खरंच भरून आले. पणजोबा, बघताय ना!

तो जागेवर उभा राहिला. बंदूक खांद्याला लावली. काहीतरी आखूड पडल्यासारखं वाटलं, पण त्यानं विचार केला, कस्टम म्हणजे अशीच असणार. हात, मान, गाल असं सगळं आक्रसून घेऊन तबकडी सोडायचा इशारा म्हणून तो ओरडला, "पुल!"

तबकडी उडाली. बार उडाला. बंदूक मागे आली आणि तिच्याबरोबर त्याचा स्वतःचा अंगठा सण्णकन त्याच्या नाकावर बसला. तबकडी पलीकडच्या गवतात आरामात जाऊन टेकली.

"पुल!" पुन्हा अंगठा, पुन्हा नाक. तिसऱ्या खेपेला नाकातून रक्त आलं आणि पोतनीसची शिट्टी तोंडातल्या तोंडात राहिली.

"स्टॉप! स्टॉप!" मागून पांढऱ्या शर्टातले मिस्टर ओंग दोन्ही हात उडवत धावत आले. "कोण तू? मॅडमची बंदूक तू का घेतली?"

"मॅडमची?" निशिकांत नाक धरून म्हणाला. "मी मिस्टर कारखानीस!"

"मिस्टर काकानीज कोण, ओंगला माहीत नाही! ओंगनं बंदूक मिसेस काकानीजसाठी बनवली. ओंगच्या कामाची बेइज्जती करतो तू!"

सगळा क्लब बघत होता. निशिकांतनं वळून पाहिलं. मधुवंती कठड्याशी उभी होती आणि त्या बंदुकीकडे बघत होती. फक्त बंदुकीकडे. तिचा चेहरा असा उजळला होता की त्याला त्यांच्या लग्नातली मधू आठवली. आणि मग टेबलाखालचा तो फोन आठवला. "तूच दे ना माप!"

पंधरा वर्षांत या घरात सोफा त्याच्या पाठीच्या मापाचा आला, ओटा त्याच्या आईच्या उंचीचा झाला, सुट्ट्या त्याच्या मीटिंगा बघून ठरल्या. तिचं माप घेऊन केलेली ही पहिली वस्तू, आणि तीही चुकून. खरं सांगितलं तर आपलं उरलंसुरलं नाक वाचेल, पण तिचा चेहरा पडेल. निशिकांत हा भित्रा, बढाईखोर, काय म्हणाल ते असेल, पण माणूस वाईट नव्हता.

"हो, तिचीच आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. (नाक दाबलेलं असल्यामुळे ते "तिछीछ" असं ऐकू आलं.) "मी फक्त... गरम करून देत होतो. माझ्या जागी तीच खेळणार आहे."

मिस्टर टॅननी नियम पाहिला. घरचं माणूस चालतं. मधुवंतीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि बंदूक घेतली. ती बंदूक तिच्या खांद्यावर गेली ती आपल्या घरी आल्यासारखी जाऊन बसली.

"पुल."

तबकडी उडाली आणि नाहीशी झाली. हवेत नुसती नारिंगी धूळ. दुसरी गेली, तिसरी गेली. लहानपणी अलिबागला एका दगडात हवी तीच कैरी पाडणारी ही पोरगी आहे, हे निशिकांत लग्नाच्या बोलणीत ऐकून विसरला होता. मिस्टर ओंग डोळे मिटून उभे होते, गवयाची तान ऐकावी तसे. पोतनीसनं शिट्टी वाजवली ती थांबवेचना. निशिकांतची छाती अभिमानानं इतकी फुगली की दुखणारा खांदासुद्धा तो विसरला.

"बाबा, आई सो पॉवरफुल लाह!" त्यांची मुलगी कादंबरी ओरडली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "यू स्टिल ब्लीडिंग."

बँकेला कप मिळाला. साहेबांनी निशिकांतचा हात हातात घेऊन सांगितलं की बायकोला असली भेट देणारा नवरा त्यांनी पाहिला नाही. पोतनीसची बायको पोतनीसकडे असं काही बघायला लागली की तो गाडी काढायला निघून गेला. निशिकांतनं हे सगळं कौतुक मान लववून, मोठ्या मनानं स्वीकारलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नाव कमवायचं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी घरी मधुवंती त्याच्या नाकाला बर्फ लावत होती.

"मधू," तो हळूच म्हणाला, "आवडली ना भेट?"

"फार आवडली. आणि त्याहून जास्त, तुम्ही सगळ्यांसमोर खरं बोलला नाहीत ते आवडलं."

निशिकांत बर्फासकट गार झाला. "म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अहो, फोनवरच कळलं होतं, तुम्ही ऐकतच नाही आहात. म्हटलं, पंधरा वर्षं तुमच्या न ऐकण्याचा मला त्रासच झालाय. एकदा फायदाही होऊन जाऊ दे."

निशिकांतनं बर्फ तिच्या हातून घेऊन स्वतःच नाकावर धरला. मग घराण्याची अब्रू थोडी तरी शिल्लक असावी म्हणून म्हणाला, "बरं, माझा मापाचा शर्ट कुठाय? मी पण एक करून घेईन म्हणतो, माझ्या मापाची."

"तो मिस्टर ओंगनी ठेवून घेतला."

"म्हणजे शेवटी माप पटलं तर त्यांना!" निशिकांत उठून बसला.

"माप नाही हो, कापड. माझी बंदूक पुसायला म्हणे इतका मऊ शर्ट त्यांनी आजवर पाहिला नाही."