एकतीस साल, अपघात झिरो

आमच्या अंगणातून बाहेर पडायचं असेल तर आधी रेल्वेगाडी येत नाही ना, हे बघावं लागतं. खरं तर रूळ आमच्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर आहेत आणि आमची वाट उलट्या दिशेला जाते. रूळ ओलांडायचा प्रश्नच येत नाही. तरीही सौंदडच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली की आमच्या वाटेवरचं फाटक पडतं, आणि गाडी जाईपर्यंत मी मोटरसायकलवर एक पाय टेकून उभा राहतो.

फाटक डोमाजीकाकांचं. काका रेल्वेत गेटमन होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्यांचं घर आणि माझं घर एकाच आवारात, बाहेर जायची वाट एकच. निवृत्तीनंतर आठव्या दिवशी त्यांनी त्या वाटेवर बांबूचं फाटक बसवलं. साडेअकरा फूट लांबी, लाल-पांढरे पट्टे, आणि मागच्या टोकाला वजन म्हणून काकींचा फुटका पाटा तारेनं बांधलेला. दोरी ओढली की बांबू वर, सोडली की खाली. मी धान खरेदीच्या केंद्रावर काटा बघतो, म्हणून काका मला काटेबाबू म्हणतात. तो पाटाही त्यांनी माझ्याकडूनच वजन करून घेतला होता. चौदा किलो दोनशे ग्रॅम.

सुरुवातीला मी भांडलो.

"काका, मले उशीर होऊन राहिला. रूळ तिकडे हाये ना जी!"

"रूळ कोठी हाये ते पाहू नोको. आवाज आला का नाही? मंग थांब. गेट बंद मंजे बंद."

गेल्या निवडणुकीत मतं मागायला आलेले एक पुढारी पाच माणसांसह बांबूच्या आत अडकले. मालगाडी लांबलचक होती. त्यांच्यातला एकजण बांबू उचलायला वाकला तर काकांनी त्याच्या हातावर झेंड्याची काठी ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली. म्हणाले, "तुमाले निवडून याची घाई हाये, मले गाडी पास कराची हाये. मी एकतीस साल उभा राह्यलो, तुमी पाच मिनिटं राहा."

एकतीस साल हे त्यांचं पालुपद. त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य ठरलेलं असे. "अपघात झिरो. बैल नाही, बकरी नाही, पिऊन आलेला मानूस नाही. झिरो." हे सांगताना ते अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखवत आणि त्या गोलातून समोरच्याकडे बघत. काकी होत्या तेव्हा त्या आतूनच ओरडायच्या, "आन् दुधाचं भांडं रोज उतू जाते ते कोनाच्या हिशेबात?" काकी या वर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेल्या. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. काकांनी त्या दिवशीसुद्धा दोन गाड्यांना फाटक पाडलं. गावात त्याची चर्चा झाली. मलाही ते बरं वाटलं नव्हतं, हे लपवत नाही.

काकींच्या मागे घरात एक कोंबडी राहिली, पुढे तिला नऊ पिल्लं झाली. त्यातली चार घारीनं नेली, तीन आणि आई मुंगसानं, एक पाण्याच्या टाक्यात पडलं. उरलं एक. तांबूस रंगाचं, मानेवर पांढरा ठिपका. अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. हे तर तलंगही नव्हतं, पण काका तिला पहिल्यापासून मानानं तलंगच म्हणत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नऊला काटा सुरू होणार होता आणि पावणेनऊला शिट्टी झाली. शिट्टी दूरची होती. खरं लिहायचं तर निम्मी चूक माझी. मी गाडीला किक मारली आणि बांबू पडायच्या आत सटकायचं ठरवलं. मला थांबवायला काकांनी दोरी एकदम सोडली. ते नेहमी सोडायच्या आधी डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, मग सोडतात. त्या दिवशी माझ्याकडे बघितलं.

तलंग उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, मागे धावत वाटेच्या मधे आली होती. बांबू तिच्या पायावर पडला.

मालगाडी धडधडत गेली. फाटक पडलेलंच. काका मातीत बसले होते, तलंग त्यांच्या दोन्ही हातांत, तिचा डावा पाय खाली लोंबत होता. मी अकरा मिनिटं तिथे उभा होतो. कोणी मला जा म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शेवटी काकांनी अंगठा आणि तर्जनीचं गोल केलं, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि बोटं सोडली.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "काका, आता तिले हाल नोका करू. मी मसाला वाटते."

"पोरी, तुह्या घरी जा," काका म्हणाले. काका तिला असं कधी बोलले नव्हते.

मी काट्यावर उशिरा येत असल्याचा फोन केला. टोपलीत धानाचं तनीस घालून तलंगीला मोटरसायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मागे काका टोपली धरून. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय बघितला, बांबूची कमची लावून बांधून दाखवलं. म्हणाले, "हाड सरळ तुटलंय, जुळेल. एकवीस दिवस उठू देऊ नका, पट्टी दोन-तीन दिवसांनी बदला. पण खरं सांगू का काका, एवढं कोणी करत नाही."

"मंग मी करतो," काका म्हणाले.

घरी आल्यावर पट्टीच्या कापडाचा प्रश्न निघाला. काकांनी पेटी उघडून जुने दोन झेंडे काढले, एक लाल, एक हिरवा. सुनंदा म्हणाली, लाल फाडा, तसाही तो विटलाय.

"येडी हायेस काय? लाल बांधलं तं चालन कशी?"

हिरवा झेंडा फाडला.

दर रविवारी वजन करायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरातला छोटा काटा मी आधी एक किलो साखरेच्या पुड्यानं तपासून घेतला. पहिल्या दिवशी तीनशे दहा ग्रॅम. पहिल्या रविवारी दोनशे पंच्याऐंशी. काका काट्याकडे बघत म्हणाले, "तुहा काटा खराब हाये." मी साखरेचा पुडा ठेवून दाखवला.  दुसऱ्या दिवसापासून काका सकाळीच बांधावर जाऊन वारूळ उकरू लागले, आणि मुठीतल्या उधया एकेक करून तिच्या चोचीशी धरू लागले. कनकी, म्हणजे तांदळाच्या कण्या, भिजवून हाताच्या बोटानं भरवू लागले. शिट्टी झाली की डाव्या बगलेत टोपली, उजव्या हातात दोरी. फाटक एकही चुकलं नाही.

गाव हसत होतं. कोणी येऊन विचारी, "काकाजी, रस्सा कवा?" काका त्याला बांबूच्या आतच अडकवून ठेवत, गाडी असो की नसो.

खरी अडचण होती मंडईची. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, असते. पाळणे, दंडारीचं लोकनाट्य, मिठाईची दुकानं, आणि घरोघर पाहुणे. त्या दिवशी पाहुण्याला घरची कोंबडी घालायची असते. जावई आला आणि कोंबडी कापली नाही, तर त्या घराचं नाव पुढच्या मंडईपर्यंत गावाच्या तोंडी राहतं. आमची मंडई पट्टीच्या सतराव्या दिवशी आली. काकांची मुलगी रेखा आणि सडक अर्जुनीचे जावई सकाळीच हजर झाले, आणि घरात कोंबडी एकच होती.

मी वजनासाठी गेलो तेव्हा ओसरीवर जुंपली होती. जावई पाय लांब करून बसले होते.

"मामाजी, लंगडी कोंबडी कायले पोसून राहिले? मुंगूस आला तं ते पळन कशी?"

"मनून तं मी हाओ."

"लोक काय मनतीन? मंडईले जावयाले वांगे-आलू?"

"मी एकतीस साल रेल्वेत होतो. कितीक मानसं पाय मोडून घरी बसले. कोनाले शिजवताना नाही पायलो."

"बरं, मी बजारातून एक आनतो. मंग तं झालं?"

"तिच्या समोर?" काका इतक्या जोरात ओरडले की रेखा आतून धावत आली. "बिमारासमोर कोनी असा बोलते काय?"

"बाबा, कायले जिद करता?" रेखा म्हणाली. "आई असती तं तिनंच कापली असती."

 काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तलंग खुराड्यात हाये. काटेबाबू, जा, वजन कर."

खुराडा घराच्या मागच्या भिंतीला लागून. मी टोपलीसाठी वाकलो आणि समोर भिंत दिसली. अंडी उबवायला बसवली की आमच्याकडच्या बायका भिंतीवर कोळशानं खुणा करतात. जितकी अंडी तितके गोल, आणि खाली रोज एक रेघ. एकविसाव्या रेघेला पिल्लं यायला हवीत. तिथे अकरा गोल होते. खाली रेघा. मोजायची सवय आहे म्हणून मोजल्या. एकवीसच होत्या. पण पहिल्या आठ कोळशाच्या, जराशा कललेल्या, बाईमाणसानं घाईत ओढाव्यात तशा. आठव्यानंतरच्या तेरा पांढऱ्या खडूच्या, सगळ्या एका मापाच्या, खाली पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ. खडू गेटमनच्या पाटीवर लिहायचा, तो मी ओळखतो.

पोळ्याला काकींनी अंडी बसवली होती. आठ दिवसांनी त्या गेल्या. म्हणजे नववी रेघ ज्या दिवशी ओढली गेली, त्या दिवशी आम्ही सगळे काकींना पोचवून नदीवरून परत आलेलो होतो.

मी तलंगीला उचलून काट्यावर ठेवलं. तीनशे नव्वद.

ओसरीवर आलो तर जावईबापू मला म्हणाले, "काटेबाबू, तुमी हिशेबी मानूस. तुमीच समजवा यायले."

मी भिंतीबद्दल बोलणार होतो. काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात विनंती नव्हती, फाटकाशी उभं असताना असते तीच ताकीद होती. मी म्हणालो, "जावईबापू, आज जेवायला आमच्याकडे. सुनंदानं दोन कोंबडे केलेत. आणि हिचं वजन ऐंशीनं वाढलंय, आता कापण्याचं बोलणं बरोबर नाही."

"आयका," काका म्हणाले. "काटा खोटं बोलत नाही."

सुनंदानं तोवर एकच कोंबडा केला होता. दुसरा मग केला.

एकविसाव्या दिवशी पट्टी सुटली. पाय जुळला, पण जरा बाहेर वळून. डॉक्टर म्हणाले असंच राहील. ती एक पाऊल टाकते, थांबते, दुसरं फेकल्यासारखं टाकते. आमच्या भिंतीपासून काकांच्या ओट्यापर्यंत मला सोळा पावलं लागतात. तिला, वाटेत थांबत, पूर्ण पाच मिनिटं लागतात. आणि नेमकी शिट्टी झाली की तिला पलीकडे जायचं असतं.

काका हल्ली झिरोचं गोल करत नाहीत. कोणी छेडलं तर छाती काढून सांगतात, "एकतीस साल झिरो. घरी एक. लिहून घे."

परवा पावणेनऊला शिट्टी झाली. मी फाटकाशी पोचलो तर बांबू वरच होता. काका दोरी धरून उभे, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बरोबर मधोमध तलंग चालली होती. गाडीचं इंजिन दिसलं. डबे जाऊ लागले. फाटक उघडंच. शेवटचा डबा गेला, त्याच्या मागचा लाल दिवाही झाडांत दिसेनासा झाला. वाट मोकळी होती, मी जाऊ शकत होतो. तलंग आणखी नऊ पावलं चालली, ओट्याखाली शिरली. मग काकांनी दोरी सोडली आणि बांबू माझ्यासमोर पडला.

"काका, गाडी गेली जी," मी म्हणालो.

"मंग? गेट बंद मंजे बंद."

मी मोटरसायकलचं इंजिन बंद केलं आणि एक पाय टेकून उभा राहिलो.